गेरवा की पांढरा? कोकणातल्या घराच्या बाहेरच्या भिंती, जोतं, गच्ची आणि ग्रिल (चर्चामंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

कातळकोपरा
रत्नागिरी तालुक्यातलं घर. भिंती जांभ्याच्या, बाहेरून सिमेंटचं प्लास्टर. जोतं दोन फूट, त्यावर भिंत दहा फूट, घराचा घेर १४० फूट. पुढच्या पडवीवर कौलं, मागच्या खोल्यांवर स्लॅब. अंगण लाल मातीचं, समुद्र जवळ. बाहेरून रंग द्यायचा आहे आणि घरात दोन पक्ष आहेत: सगळं पांढरं किंवा सगळं गेरवं (दुकानातल्या कार्डावर ज्याला टेराकोटा म्हणतात ते).

प्रश्न असे: उन्हाळ्यात आत किती फरक पडेल? चार पावसाळ्यांनी कोणता जास्त वाईट दिसेल? गेरवा उडतो का? गच्ची आणि खिडक्यांचे ग्रिल यांचा वेगळा विचार करावा का? आणि डबे किती आणावेत?

मुकादम
सगळं एका रंगात करायचा हट्टच सोडा, निम्मे प्रश्न मिटतील. घराच्या कुठल्या भागावर पाणी, माती आणि ऊन कसं पडतं ते आधी बघा, मग रंग ठरवा.

पागोळ्यांचं पाणी लाल मातीवर आपटून भिंतीवर उडतं. जोतं दोन फूट असलं तरी शिंतोडे त्याच्या वर अजून फूटभर जातात. हे डाग लोहाच्या ऑक्साइडचे असतात. ते ब्लीचने जात नाहीत, साबणाने फिके होतात एवढंच. पांढऱ्या भिंतीच्या खालच्या तीन फुटांत ही लाल झालर पहिल्याच पावसाळ्यात दिसायला लागते. तिथे गेरवा दिला की माती आणि रंग एकाच जातीचे, डाग वेगळा उठून दिसतच नाही.

म्हणून जोतं आणि वरचा एक फूट गेरवा, त्यावर पांढरा. पागोळीच्या रेषेखाली दीड-दोन फूट रुंदीत जाड खडी पसरा, शिंतोड्यांची उंची निम्म्यावर येते. हे काम रंगापेक्षा स्वस्त आहे आणि बहुतेक लोक ते करत नाहीत.

ओटीवरून
मुकादमांच्या जोत्याशी सहमत, वरच्या पांढऱ्याशी नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उत्तरेकडच्या आणि झाडाखालच्या भिंतीवर शेवाळ येणारच, आणि पांढऱ्यावर ते सप्टेंबरात काळ्या-हिरव्या ओघळांनी दिसतं. गेरव्यावरही शेवाळ येतं, पण नजरेत भरायला दोनेक पावसाळे जास्त लागतात. शिवाय ऑक्टोबरच्या उन्हात पांढऱ्या भिंतीवरची चकाकी समोरच्या पडवीत बसणाऱ्याच्या डोळ्यांवर येते. कौलं, जांभ्याचा गडगा, लाल अंगण यांच्यामध्ये गेरवं घर बसतं छान, पांढरं घर सुटं पडतं.

रंगद्रव्य
गेरवा उडतो का, याचं उत्तर तो कशापासून बनवलाय यावर आहे, आणि हा मुद्दा दुकानात कुणी सांगत नाही.

खरा गेरवा म्हणजे आयर्न ऑक्साइड. गेरूत, जांभ्यात आणि कारखान्यातल्या रेड ऑक्साइडमध्ये तेच लोह असतं. उन्हाने ते बदलत नाही, सिमेंटच्या क्षाराने बदलत नाही, आणि झाकण्याची ताकद भरपूर. बाहेरच्या भिंतीसाठी यापेक्षा टिकाऊ लाल मिळणं अवघड.

गोची कुठे होते? कार्डावरचा 'टेराकोटा' थोडा झगझगीत, नारिंगीकडे झुकणारा असेल, तर तो नुसत्या ऑक्साइडने जमत नाही. दुकानातलं रंग मिसळणारं मशीन त्यात सेंद्रिय (म्हणजे कार्बनी, लोहाचं नसलेलं) लाल किंवा नारिंगी रंगद्रव्य टाकतं. त्यातली स्वस्त रंगद्रव्यं पश्चिमेच्या उन्हात दोन-तीन वर्षांत फिकी पडतात, आणि मग भिंत गुलाबी-तपकिरी, ठिकठिकाणी वेगळी दिसते. म्हणून दुकानदाराला मशीनच्या पडद्यावरचं सूत्र दाखवायला सांगा. त्यात रेड ऑक्साइड, यलो ऑक्साइड, काळा आणि पांढरा एवढेच घटक असतील तर बिनधास्त घ्या. नसतील तर कार्डावर एक-दोन घरं मळकट बाजूला सरका.

पांढऱ्यातला मुख्य घटक टायटॅनियम डायऑक्साइड. त्याचे दोन प्रकार वापरात आहेत, रुटाइल आणि अ‍ॅनाटेज. अ‍ॅनाटेज उन्हात आसपासच्या बाइंडरलाच (रंग भिंतीला धरून ठेवणाऱ्या घटकालाच) खातं, मग भिंतीवर हात फिरवला की पांढरी पूड हाताला लागते. बाहेरच्या चांगल्या इमल्शनमध्ये (पाण्यात कालवायच्या तयार रंगात) रुटाइल असतं. आतल्या भिंतीचा स्वस्त डिस्टेंपर किंवा आतलं इमल्शन 'पांढराच तर आहे' म्हणून बाहेर लावू नका.

पश्चिमवारा
उन्हाचं गणित मांडतो.

स्वच्छ, नवा पांढरा रंग सूर्याची साधारण ८० टक्के ऊर्जा परत फेकतो. गेरवा साधारण ३० टक्के. उन्हाळ्यातल्या दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला पाचशे-सहाशे वॅट ऊन येतं. पांढरी भिंत त्यातले शंभर-सव्वाशे वॅट शोषते, गेरवी साडेतीनशे-चारशे. जांभ्याची भिंत जाड आणि जड, ती उष्णता आत उतरायला काही तास घेते, म्हणजे बरोबर रात्री झोपायच्या वेळी.

पण सगळ्या भिंती सारख्या नाहीत. मे महिन्यात रत्नागिरीत मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला त्या काळात फारच थोडं थेट ऊन लागतं. तापतात त्या पश्चिम, पूर्व आणि सगळ्यात जास्त गच्ची. गच्चीवर दुपारी हजार वॅटच्या आसपास ऊन पडतं: पांढरी गच्ची दोनशे शोषते, गेरवी सातशे. तेव्हा गच्चीला पांढराच, यावर चर्चा नको. पश्चिमेच्या भिंतीला झाडाची सावली नसेल तर तिलाही पांढरा. दक्षिण-उत्तरेला आवडीप्रमाणे.

तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफचं, म्हणजे ऊन परत फेकणाऱ्या छपरांचं, धोरणच आणलं, ते याच हिशोबावर.

ओटीवरून
पश्चिमेला रुंद पडवी असेल तर? बहुतेक जुन्या घरांना असते.

पश्चिमवारा
मग भिंतीवर थेट ऊन येतच नाही, गेरवा खुशाल द्या. पडवीचं छत मात्र आतून पांढरं ठेवा. गेरव्या भिंतीवर उजेड कमी परत येतो, आणि छतही गडद असेल तर पावसाळ्यात पडवीला लागून असलेल्या खोल्या दिवसा दिवा लावण्याइतक्या अंधाऱ्या होतात.

मुकादम
त्याला जोडून: भिंत गेरवी असेल तर खिडकीच्या चौकटीभोवतीची चार-पाच इंचांची पट्टी आणि भिंतीच्या जाडीतली आतली बाजू पांढरी करा. गोव्यातल्या जुन्या घरांवर ही पांढरी पट्टी सगळीकडे दिसते. उजेड त्या जाडीवर आपटून आत जातो. दिसायलाही घर रेखीव होतं.

निळीची_पुडी
चुन्याचा पर्याय कुणी काढला नाही अजून. जांभ्याला चुन्यासारखा सोबती नाही. भिंत आतला ओलावा बाहेर टाकत राहते आणि चुना तो अडवत नाही. इमल्शनचा पापुद्रा मात्र मागून ओल आली की फुगतो.

कृती: कळीचा चुना विरवून घ्या, किलोला साधारण ५ लिटर पाणी, २४ तास मुरू द्या. जाड कापडाने गाळा. गरम पाण्यात विरघळवलेला डिंक घाला, आणि पांढरेपणासाठी किलोला जास्तीत जास्त ३ ग्रॅम नीळ. नीळ जास्त झाली तर ढगाळ दिवशी भिंत निळसर दिसते. भिंत आधी पाण्याने ओली करा. तीन पातळ हात, एक आडवा, एक उभा, असे, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर पुढचा. ओला असताना चुना पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर पांढरा होतो, म्हणून 'झाकत नाही' असं वाटून जाड थापू नका. जाड थर तडकून पडतो. तापलेल्या भिंतीवरही लावू नका. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला ओलसरपणा लागतो. पाणी आधीच उडालं की नुसती पूड उरते.

डोळ्याला चष्मा, हाताला मोजे. चुना डोळ्यात गेला तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुवत राहा आणि डॉक्टर गाठा.

रंगद्रव्य
चुना उत्तम, पण कातळकोपरांची भिंत सिमेंट प्लास्टरची आहे, उघडा जांभा नाही. सिमेंटवर चुना धरतो, पण या पावसात दरवर्षी नाही तरी दोन वर्षांनी नवा हात लागणारच. ती तयारी असेल तर करा. आणि एकदा चुना दिलात की नंतर कधी इमल्शन लावताना सगळा खरवडावा लागेल. चुन्यावर लावलेलं इमल्शन चुन्यासकट सोलून येतं.

गेरूची पूड पाण्यात कालवून बाहेरच्या भिंतीला दिली तर पहिल्या सरीत वाहून जाते, तिच्यात बाइंडर नसतो. वारली चित्रांची गेरूची भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग उघड्या पावसासाठी नाहीत, छपराखालच्या कुडासाठी आहेत. तुळशीवृंदावनाला किंवा पायरीला सणासुदीला गेरू द्यायचा तर गोष्ट वेगळी, तो पुन्हा देण्यासाठीच असतो.

कातळकोपरा
सगळ्यांचे आभार. चुना नको, दर दोन वर्षांनी परांची बांधायची सोय नाही. आतापर्यंतचा कौल असा दिसतोय: जोतं अधिक एक फूट गेरवा, वर पांढरा, गच्ची पांढरी. प्लास्टरचा काही भाग नवीन आहे. तिथे काय करावं? आणि डब्यांचा हिशोब?

मुकादम
हिशोब:

गेरवा पट्टा: १४० फूट गुणिले ३ फूट = ४२० चौरस फूट.
पांढरा: १४० गुणिले ९ = १२६०, दारं-खिडक्यांचे २०० वजा, म्हणजे १०६० चौरस फूट.

बाहेरच्या इमल्शनचा लिटर एका हाताला साधारण १०० चौरस फूट जातो. खरबरीत प्लास्टर असेल तर ७०-८० धरा. पांढऱ्याचे दोन हात: २१ लिटर, म्हणून २० चा एक आणि ४ चा एक डबा. गेरव्याचे तीन हात: साडेबारा लिटर, म्हणून १० आणि ४. प्रायमर सगळीकडे एक हात, १५ लिटर. उरलेला रंग घट्ट झाकण लावून ठेवा, डागडुजीला लागतो.

गेरव्याला तिसरा हात का? गडद रंगाचा डबा ज्या बेसमध्ये (रंगद्रव्य मिसळण्याआधीच्या मूळ रंगात) बनतो त्यात पांढरं रंगद्रव्य जवळजवळ नसतंच. ऑक्साइड झाकतं चांगलं, पण ब्रशच्या आणि रोलरच्या कडा दुसऱ्या हातानंतरही दिसतात, आणि जोत्याला पाण्याचा, झाडूचा मार सगळ्यात जास्त.

मशीनवर बनवलेले गेरव्याचे दोन्ही डबे आधी एका मोठ्या पिंपात ओतून एकत्र ढवळा. दोन डब्यांत सूक्ष्म फरक असतो, आणि तो गडद रंगात भिंतीच्या मध्यावर रेघ होऊन दिसतो. पांढऱ्याला ही भीती नाही.

पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला. रंगारी पहिल्या हातात सढळ पाणी घालतात, मग बाइंडर पातळ होऊन पूड सुटते.

रंगद्रव्य
नवीन प्लास्टरबद्दल. पाणी मारणं संपल्यावर किमान चार आठवडे वाळू द्या, नुकत्याच संपलेल्या पावसाळ्यानंतर आणखी थांबा. तपासायला दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा जाड कागद चारही बाजूंनी टेपने भिंतीवर घट्ट चिकटवा. २४ तासांनी आतून घाम दिसला किंवा खालची भिंत काळपट झाली तर थांबा.

ओल्या प्लास्टरमधले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात आणि पांढरी बुरशीसारखी पूड फुटते. पांढऱ्या रंगावर ती लपते, गेरव्यावर पांढरे नकाशे उमटतात. जोत्यात खालून ओल चढत असेल तर हे हटकून होतं. तेव्हा जोत्याला रंगवण्याआधी कोरड्या ब्रशने क्षार झाडा. पाण्याने धुऊ नका, ते पुन्हा आत जिरतात. मग सिमेंटच्या क्षाराला टिकणारा प्रायमर द्या. ओल कायमची असेल तर रंगाने ती थांबणार नाही. आधी अंगणाचा उतार घरापासून बाहेर काढा आणि जोत्याला लागून असलेली माती खाली करा.

जुन्या भिंतीवरचं शेवाळ नुसतं घासून रंग लावला तर ते रंगाखालून वर येतं. घरगुती द्रवरूप ब्लीच एक भाग, पाणी तीन भाग, भिंतीवर लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, कडक ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा, दोन-तीन दिवस कडक वाळवा. ब्लीचमध्ये कुठलंही अ‍ॅसिड मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो.

ओटीवरून
पट्ट्याची रेघ सरळ कशी काढायची तेही सांगा कुणीतरी. अनेक घरांवर ती वेडीवाकडी दिसते आणि सगळं काम फुकट जातं.

मुकादम
आधी पांढरा, तोही रेघेच्या चार-पाच बोटं खालपर्यंत. तो पूर्ण वाळल्यावर पाण्याच्या नळीने किंवा लेझरने चारही बाजूंना पातळी घ्या. जमिनीपासून मोजू नका, अंगण कुठेच सपाट नसतं. दोऱ्याने रेघ मारा, वरच्या बाजूला मास्किंग टेप लावा. आता टेपच्या खालच्या कडेवर पुन्हा पातळसा पांढराच फिरवा. टेपखाली जी फट असेल ती पांढऱ्याने बंद होते, मग गेरवा आत झिरपत नाही. गेरव्याचा शेवटचा हात ओलसर असतानाच टेप भिंतीच्या जवळून मागे दुमडत काढा. वाळल्यावर काढलात तर पापुद्रा घेऊन येतो.

प्लास्टर अगदी खरबरीत असेल तर टेप चिकटतच नाही. नवीन प्लास्टर असेल तिथे गवंड्याकडून त्या उंचीवर १०-१२ मिलिमीटरची खाच काढून घ्या. रंग खाचेत बदलतो, रेघ सावलीत लपते.

रंगद्रव्य
गेरव्याबाबत एक धोका राहिला. गडद रंगात मशीनचे रंग जास्त पडतात आणि त्यांच्याबरोबर साबणासारखी विद्राव्य द्रव्यंही. रंग नीट सुकण्याआधी त्यावर दव किंवा पाऊस पडला तर ती द्रव्यं बाहेर येऊन चिकट, पांढुरके ओघळ उतरतात. नोव्हेंबर-डिसेंबरात कोकणात दव भरपूर, म्हणून गेरव्याचं काम दुपारी तीनपर्यंत संपवा. ओघळ आलेच तर घाबरू नका, लवकर साध्या पाण्याने धुतले की जातात. त्यावर लगेच नवा हात मारू नका.

पश्चिमवारा
गच्चीचं: साधा भिंतीचा पांढरा नको, गच्चीसाठीचा लवचीक वॉटरप्रूफ लेप घ्या. तो पांढरा आणि टेराकोटा दोन्हींत मिळतो, दुकानदार 'मळखाऊ' म्हणून टेराकोटा सुचवेल. भेगा कापून भरा, भिंत आणि स्लॅबच्या सांध्यावर फायबरची जाळी पहिल्या हातात दाबून बसवा, मग पुढचे हात. पाणी साचत असेल तर उतार आधी दुरुस्त करा, शंभर फुटांना एक फूट तरी हवाच. साचलेल्या पाण्याखाली कुठलाही लेप फुगतो. पांढरी गच्ची धुळीने मळली की तिची परावर्तनाची ताकद बरीच घटते, म्हणून दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी एकदा धुवा. रोजचा वावर, पापड-आमसुलं वाळत घालणं असेल तर तेवढ्या भागावर पांढऱ्या फरश्या बसवा, लेपावर चालून चालून तो सोलतो.

निळीची_पुडी
ग्रिल: समुद्राजवळ पांढरे ग्रिल नकोत. वेल्डिंगच्या सांध्यातून गंज फुटतो आणि त्याचा तांबूस ओघळ ग्रिलवर आणि खालच्या पांढऱ्या भिंतीवर दोन्हीकडे उतरतो. शिवाय तेलावर आधारलेला पांढरा इनॅमल काळाने पिवळा पडतो. गेरवा किंवा तपकिरी इनॅमल द्या.

गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत काढा, थिनरने पुसा, त्याच दिवशी प्रायमर. एक चूक फार होते: रेड ऑक्साइडचा प्रायमर गेरवाच दिसतो म्हणून तोच शेवटचा रंग समजून सोडून देतात. प्रायमर सच्छिद्र असतो, खारी हवा त्यातून आत जाते आणि एका पावसाळ्यात गंज वर येतो. त्यावर इनॅमलचे दोन हात हवेतच. ग्रिलच्या खालच्या पट्टीची आतली बाजू आणि भिंतीत घुसणारी टोकं ब्रशने वाकून रंगवा, गंज तिथूनच सुरू होतो.

कातळकोपरा
पडवी पश्चिमेला आहे आणि रुंद आहे, त्यामुळे पडवीतली भिंत पूर्ण गेरवी, छत पांढरं, बाकी ठरल्याप्रमाणे करतो. पडवीच्या भिंतीसाठी शेवटचा प्रश्न: कार्डावर तीन गेरवे जवळजवळ सारखे वाटतात. निवडायचा कसा?

रंगद्रव्य
कार्डावरून निवडू नका. तिथे चौकोन बोटाएवढा आणि भोवती पांढरी कड, त्यामुळे रंग खरा असतो त्याहून गडद वाटतो. भिंतभर लावल्यावर तोच रंग अंगावर येतो. तिन्हींचे एकेक लिटरचे डबे बनवा. पडवीतल्या भिंतीवर तीन फूट बाय तीन फूट ठिगळं, प्रायमरवर दोन हात, एकमेकांपासून लांब. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळून गडद होतं, म्हणून निवाडा दुसऱ्या दिवशी. सकाळी, दुपारी, आणि रात्री तुमच्या पडवीतल्या दिव्याखाली बघा. स्वस्त पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात लाल कमी असतो, त्याखाली गेरवा मातकट, मेलेला दिसतो. पिवळसर, ३००० केल्विनचा, रंग नीट दाखवणारा दिवा लावून पुन्हा बघा. रंग तोच राहील आणि बदलायचा फक्त दिवा असेल.

मुकादम
आणि निवडलेल्या रंगाचं सूत्र झाकणावर लिहून फोटो काढून ठेवा. चार वर्षांनी डागडुजीला नुसतं शेडचं नाव पुरत नाही, बेसही तोच लागतो. गेरव्या भिंतीवर ठिगळ मारू नका, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत एक हात घ्या.